पाळणाघरात जंत निघाले तर: औषध सगळ्यांनी, एकाच रात्री

पाळणाघरातल्या एका मुलाला जंत निघाले की औषध त्या एकट्याला देऊन भागत नाही. सोबतच्या मुलांना, त्यांच्या घरच्यांना आणि मुलांना सांभाळणाऱ्या आम्हा बायकांनाही ते एकाच रात्री घ्यावं लागतं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. एवढं जमलं तर बाकी सगळं घरकामातलंच आहे. नाही जमलं तर तेच जंत या घरातून त्या घरात फिरत राहतात, आणि आईबापांना वाटतं की औषधच खोटं निघालं.

मी नागपुरात मानेवाडा रोडकडे, राहत्या घरात पाळणाघर चालवते. दहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं असतात. कोणाची आई बँकेत, कोणाची कोर्टात, कोणाची दवाखान्यात. मूल सकाळी साडेनऊला येतं ते संध्याकाळी सहा-सातला जातं. म्हणजे त्याचं खाणं, झोपणं, शी-सू, सगळं माझ्या नजरेसमोर. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती हे बालरोगतज्ज्ञच ठरवतात. पण औषधाच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं ते आमच्यासारख्यांच्या आणि आयांच्या हातात असतं. ते नीट कसं करायचं, तेवढं सांगते.

आधी हा जंत समजून घ्या

पोटात जंत बऱ्याच जातींचे होतात, पण पाळणाघरात एका मुलाच्या हातून थेट दुसऱ्याच्या तोंडात जाणारा मुख्यतः एकच. पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा असावा तसा दिसतो. डॉक्टर त्याला पिनवर्म म्हणतात. मादी ८ ते १३ मिलिमीटरची असते. ती मोठ्या आतड्यात राहते आणि मूल रात्री झोपलं की शीच्या जागेतून बाहेर येऊन तिथल्या कातडीवर हजारोंनी अंडी घालते. त्यानेच खाज सुटते. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत अडकतात, चड्डीला, चादरीला लागतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत.

तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. अंडी घातल्यापासून चार ते सहा तासांत ती दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. म्हणजे रात्री घातलेली अंडी सकाळी मूल उठेस्तोवर तयार. दुसरं, गार आणि दमट जागी ती दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. तिसरं, अंडं गिळल्यापासून त्यातून निघालेली मादी स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत सुमारे एक महिना जातो. म्हणून आज खाजवणाऱ्या मुलाला लागण महिनाभरापूर्वीच झालेली असते. कोणाकडून झाली ते शोधत बसण्यात काही हशील नाही.

औषध आतड्यातल्या जंतांना मारतं, अंड्यांना मारत नाही. दुसरा डोस त्यासाठीच असतो. पहिल्या डोसानंतर जे नवे जंत तयार होतात, ते अंडी घालायच्या आधीच दुसऱ्या डोसात सापडतात. हे आयांना उलगडून सांगितलं की दुसरा डोस चुकत नाही. नुसतं "डॉक्टरांनी सांगितलं आहे" म्हटलं तर पहिल्या डोसानंतर खाज थांबते आणि दुसरी बाटली कपाटात राहून जाते.

ओळखायचं कसं

ओळख रात्रीची आहे, म्हणून ती आईलाच पटते. मला आठवतं, एक आई मुलाला दारात सोडताना म्हणाली, "काकू, हा रात्रभर खाजवून राहिला जी, स्वतः झोपत नाही न मलाही झोपू देत नाही." दिवसा तेच मूल माझ्याकडे मजेत खेळत होतं, जेवत होतं. अशा वेळी आईला मी दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बघा. दोन्ही बाजूंची कातडी हलकेच बाजूला करा. जंत असतील तर पांढरे, बारीक, हळूहळू वळवळणारे दोरे दिसू शकतात. मुलींमध्ये पुढच्या, सूच्या जागेलाही बघा. जंत तिकडेही सरकतात आणि मग आग होते, अंग लाल दिसतं, कधी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागते.

दुसरी म्हणजे टेपची तपासणी. ही रोजची साधी पारदर्शक चिकटपट्टीने होते. जिच्यावर पेनाने लिहिता येतं ती धुरकट पट्टी नको, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. लॅबमधून काचेच्या पट्ट्या आधी मागून आणा. सकाळी मूल उठल्या उठल्या, शी करायच्या आणि धुवायच्या आधी, मूल पालथं झोपलेलं असतानाच उत्तम. बोटभर टेप घ्यायची, चिकट बाजू शीच्या जागेभोवतालच्या कातडीवर दोन-तीनदा दाबायची आणि तीच बाजू काचेवर सपाट चिकटवायची. बुडबुडे राहू द्यायचे नाहीत. काचेवर नाव आणि तारीख घाला. मग लगेच हात साबणाने धुवा. असं लागोपाठ तीन सकाळी करायचं. एकाच सकाळी केली तर जवळपास निम्म्या मुलांचे जंत हुकतात, तीन सकाळी केली तर दहापैकी नऊ सापडतात.

नेहमीच्या शीच्या तपासणीत हे जंत बहुधा दिसत नाहीत, कारण अंडी शीत नसतात, बाहेर कातडीवर असतात. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून खाज अंगावर काढणारे आईबाप मी पाहिले आहेत. रिपोर्ट कशाचा आहे, ते विचारा.

आणि हेही सांगून ठेवते, की कित्येक मुलांना जंत असूनही काहीच त्रास होत नाही. एकाला सापडले तर आणखी दोघा-तिघांना असतीलच, असं धरूनच मी चालते.

पालकांना सांगणं

यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. जंत म्हटलं की आईला वाटतं, आपल्या घराला कोणी घाणेरडं म्हणालं. "आमच्याकडे तर आरओ आहे, आमच्याच पोराला कसे काय?" हे मला किती जणींनी विचारलं असेल. आरओचा आणि या जंताचा काही संबंध नाही, तो पाण्यातून येत नाही, बोटांतून येतो. स्वच्छ, टापटीप घरातल्या मुलालाही होतो, कारण ते मूल दिवसभर इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून खेळतं.

आणि पाळणाघर चालवणारीला वाटतं, सांगितलं तर लोक मुलं काढून नेतील. मला वाटतं, न सांगितलेलं नंतर कळलं तर नक्कीच काढून नेतील. शिवाय लपवून ठेवलं तर औषध एका वेळी होत नाही, आणि मग काहीच होत नाही. म्हणून कळलं त्याच दिवशी, सगळ्यांना, एकसारखा निरोप. कोणाच्या मुलाला झालं ते सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी. मी पाठवते तो निरोप असा असतो, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"नमस्कार. आपल्या पाळणाघरात एका मुलाला जंत असल्याचं कळलं आहे. हे जंत लहान मुलांत सर्रास होतात आणि औषधाने जातात. मूल कोणाचं हे कृपया विचारू नये, मी सांगणार नाही. आपापल्या डॉक्टरांना विचारून येत्या शनिवारी रात्री घरातल्या सगळ्यांनी जंताचं औषध घ्यावं. दुसरा डोस बरोबर दोन आठवड्यांनी, शनिवारीच. आईला दिवस गेले असतील, मूल अंगावर पीत असेल किंवा वर्षाच्या आतलं असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगावं. रविवारी सकाळी मुलांची अंघोळ, नखं कापणं आणि चादरी, अभ्रे, चड्ड्या गरम पाण्यात धुणं. औषध झालं की मला फक्त 'झालं' एवढं कळवा."

शनिवार मी मुद्दाम ठरवला आहे. रविवारी बहुतेक घरी सुट्टी असते, चादरी धुवायला हात आणि वेळ दोन्ही असतात. आणि "झालं" आल्याशिवाय मी त्या घरचा पिच्छा सोडत नाही. रविवारी दुपारी फोन करते. कोणी गावाला गेलं असेल तर तिथल्या तिथे घ्यायला सांगते.

ज्या मुलाला जंत निघाले त्याला घरी बसवायची गरज नसते. पहिला डोस झाला, सकाळची अंघोळ झाली, नखं कापली, की ते सोमवारी नेहमीसारखं येऊ शकतं. त्याला वेगळं बसवायचं नाही, त्याची वाटी वेगळी ठेवायची नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं.

औषधाची रात्र

डॉक्टर बहुतेक वेळा अल्बेंडाझोल देतात. दोन वर्षांवरच्या मुलाला आणि मोठ्या माणसालाही ४०० मिलिग्रॅमचा एकच डोस, एक ते दोन वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मा, म्हणजे २०० मिलिग्रॅम, असं साधारण प्रमाण आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या मनाने अजिबात नाही. पातळ औषधाची १० मिलिलिटरची छोटी बाटली येते. त्या पूर्ण बाटलीत बहुधा ४०० मिलिग्रॅम असतं, म्हणून दीड वर्षाच्या बाळाला अख्खी बाटली पाजू नका. बाटलीवरचा आकडा वाचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा, आणि मगच झाकण उघडा.

गोळी असेल तर ती चघळायची असते. तीन वर्षांखालच्या मुलाला अख्खी गोळी कधीच देऊ नये, घशात अडकते. दोन चमच्यांमध्ये दाबून तिची भुकटी करायची, थोड्या पाण्यात कालवायची आणि मुलाला बसवून पाजायची. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून तर नाहीच नाही. मूल तापलेलं असेल, आजारी असेल तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकला. एखाद्याचं पोट थोडं दुखतं, मळमळतं, आणि ते आपोआप थांबतं. पुढच्या एक-दोन दिवसांत शीत जंत दिसले तर घाबरू नका, औषध लागू पडल्याची ती खूण आहे.

मुलाला रात्री घट्ट बसणारी सुती चड्डी घालून झोपवा, म्हणजे झोपेत हात थेट कातडीला लागत नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काम अंघोळ. आपल्याकडे उन्हाळ्यात मुलांना संध्याकाळी न्हाऊ घालायची पद्धत आहे, ती घाला, पण या दोन आठवड्यांत सकाळची चुकवू नका, कारण रात्रीची अंडी सकाळीच धुऊन काढायची असतात. टबात बसवून नको. अंगावरून पाणी वाहून जाईल अशी, तांब्याने किंवा नळाखाली. चड्डी रोज सकाळी बदला. काढलेली चड्डी आणि चादर झटकू नका, झटकली की अंडी हवेत उडतात आणि नाकातोंडात जातात. हलकेच गुंडाळून थेट बादलीत टाका. पाणी हाताला सोसवणार नाही इतकं गरम हवं.

घर आणि कूलर

पाळणाघरात त्याच रविवारी मी आणि आमच्या मदतनीस मावशी मिळून कामाला लागतो. आधी ओला पोछा, मग झाडू. एरवी आपण उलट करतो, पण कोरड्या झाडूने धूळ उडते आणि अंडी तिच्यासोबत. सतरंज्या, चादरी, पडद्यांचा खालचा भाग गरम पाण्यात. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याच्या टोपलीत, ब्रशने घासून, मग गच्चीवर. दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, शीच्या छोट्या भांड्याची बैठक, खुर्च्यांच्या पाठी, जिथे जिथे मुलाचा हात जातो तिथे साबणाचं फडकं. फिनेलवर भिस्त ठेवू नका. या अंड्यांना फिनेलचा वास नाही मारत, घासून धुणं त्यांना तिथून काढतं.

कापसाची अस्वलं, बाहुल्या धुता येत नसतील तर पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा आणि तीन आठवड्यांनी काढा. तोवर अंडी मेलेली असतात. मुलं एक-दोन दिवस विचारतात, मग विसरतात.

आपल्या नागपूरचं ऊन यात फार कामाला येतं. कोरड्या उष्णतेत आणि सूर्यप्रकाशात अंडी टिकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात असताना गच्चीवरची गादी दोन तासांत तापते. पण त्याच महिन्यांत आपण मुलांना कुठे ठेवतो? खिडक्या झाकून, कूलर लावून, दमट गार खोलीत. अंड्यांना नेमकं हेच हवं असतं. म्हणून उन्हाळ्यात मी सकाळी मुलं यायच्या आधी खोली पूर्ण उघडते, पडदे बाजूला करते, सतरंज्या बाहेर टाकते, आणि ऊन चढायला लागलं की मगच कूलर. कूलरसमोर अंथरुणं झटकायची नाहीत. आणि कूलरच्या टाकीपाशी मुलांचे हात पोचणार नाहीत अशी जाळी किंवा फळी लावून घ्या. दीड-दोन वर्षांच्या पोट्ट्यांना त्या पाण्यात हात घालून चाटायची भारी हौस असते.

रोजचे हात

जंत नसतानाही हे सुरूच असलं पाहिजे, आणि माझा सगळ्यात जास्त जीव याच कामात असतो.

डायपर बदलायची जागा एकच ठेवा, स्वयंपाकघरापासून आणि जेवायच्या पाटांपासून लांब. मी रेक्झिनचा तुकडा अंथरते, सतरंजीवर कधीच नाही. नवा डायपर, ओलं सुती कापड, कचऱ्याची पिशवी, सगळं आधी हाताशी घेते, म्हणजे मधेच उठून घाणेरड्या हाताने कपाट उघडावं लागत नाही. पुसायचं समोरून मागे. डायपर गुंडाळून पिशवीत, पिशवीला गाठ, झाकणाच्या डब्यात. त्यानंतर आधी बाळाचे हात धुवायचे. हे बहुतेक जणी विसरतात, पण डायपर उघडल्याबरोबर बाळाचा हात खाली जातोच. मग आपले हात. मग रेक्झिन साबणाने धुऊन, पुसून, उभं करून वाळवायचं.

डायपर बदलणाऱ्या बाईने स्वयंपाकाला, भरवायला हात लावू नये. दोघीच असाल तर दिवस वाटून घ्या. आमच्याकडे त्या दिवशी जिच्याकडे डायपर, तिच्या अंगावर हिरवा एप्रन. हिरवा एप्रन स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही, एवढा एकच नियम. तो मुलांनाही पाठ झाला आहे, मावशी चुकून आत वळल्या तर तेच ओरडतात.

मुलांचे हात आल्याबरोबर, शी-सू नंतर, बाहेरून खेळून आल्यावर आणि खायच्या आधी. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजत. आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही मोजतो. सॅनिटायझर इथे कामाचं नाही. या जंताच्या अंड्यांवर आणि पुढे सांगते त्या जिआर्डियावर त्याचा भरवसा नाही. साबण-पाणीच. नखं दर रविवारी घरी कापायची, सोमवारी दारात मी बघते. वाढलेली असली तर माझ्याकडे नेलकटर असतो, पण आईला विचारूनच कापते.

शी पातळ, फसफसणारी, फार वास मारणारी असेल तर

हे वेगळं प्रकरण आहे, आणि जंताच्या त्याच एका डोसावर विसंबून चालत नाही. जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्याचे दहा-वीस कण पोटात गेले तरी लागण पुरते, म्हणून लंगोट-डायपरच्या मुलांमध्ये तो झपाट्याने पसरतो. लागण झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी त्रास सुरू होतो. पोट फुगतं, गुडगुडतं, शी चिकट, तेलकट, तरंगणारी, कुजकट वासाची होते. कधी महिनाभर थोडं बरं, थोडं वाईट चालतं आणि मुलाचं वजन थांबतं. "दात येताहेत" म्हणून ते सोडून देऊ नका. डॉक्टर शीची तपासणी सांगतील. हा जीव शीत रोज दिसत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे नमुने मागतात. डबीत सू मिसळू देऊ नका आणि डबी लवकर पोचवा. मागच्या वेळची उरलेली जुलाबाची बाटली काढून पाजू नका.

जुलाब पूर्ण थांबेपर्यंत त्या मुलाला घरी ठेवायला सांगा, इथे माझा हट्ट असतो. बरं झाल्यावरही त्याच्या शीतून काही आठवडे हा जीव जाऊ शकतो, म्हणून हातांची शिस्त ढिली करायची नाही. तोवर घरी ओआरएस चालू, पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात कालवून, थोडं थोडं, चमच्याने.

यात पाणी मात्र महत्त्वाचं. नेहमीच्या क्लोरीनला जिआर्डिया सहज दाद देत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू दिलं की तो मरतो. उन्हाळ्यात ज्या वस्त्यांत टँकर येतो तिथे तर लहान मुलांना उकळलेलंच पाणी द्या. झाकणाच्या भांड्यात, काढायला दांड्याचं ओगराळं, पेला बुडवायचा नाही. आणि उन्हाळ्यात प्लास्टिकच्या टबात पाच-सहा मुलांना एकत्र बसवायचा प्रकार पाळणाघरात करू नये. एकाचा डायपर भरलेला असेल तर तेच पाणी सगळ्यांच्या तोंडात. पाण्यात खेळायचंच असेल तर अंगणात पाइपाने अंगावर पाणी उडवा, मुलांना तेही तेवढंच आवडतं.

कच्चं खायला देताना काकडी, गाजर, पेरू धुऊन सोलून. सांभार म्हणजे कोथिंबीर आणि पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली ते बाजारात कळत नाही, म्हणून भांड्यात दोन-तीनदा पाणी बदलून धुते आणि मुलांच्या वरणात सांभार उकळतानाच घालते, वरून कच्चा पेरत नाही.

मातीतले जंत, थोडक्यात

वीतभर लांबीचा गोल जंत आणि रक्त पिणारा अंकुशकृमी हे मुलाकडून मुलाला थेट लागत नाहीत. त्यांची अंडी आधी मातीत पिकावी लागतात. गोल जंत न धुतलेल्या हातांतून पोटात जातो, अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि रक्त कमी करतो. म्हणून पावसाळ्यात अंगणात चप्पल, वाळूच्या खड्ड्यावर रात्री ताडपत्री, म्हणजे कुत्री-मांजरं घाण करत नाहीत. पोळ्याच्या आधी मुलं मातीचे बैल करतात, ते जरूर करू द्या, फक्त नंतर नखांतली माती ब्रशने काढा.

या जंतांसाठी सरकारचा राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, २०१५ पासून. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल मोफत मिळतं, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. खासगी पाळणाघरातली दोन-अडीच वर्षांची मुलं ना अंगणवाडीच्या पटावर असतात ना शाळेच्या, म्हणून नेमकी तीच राहून जातात. पटावर नाव नसलं तरी जवळच्या अंगणवाडीत गोळी मिळते. मी त्या आठवड्यात आमच्या भागातल्या सेविकाताईंना विचारून घेते आणि पालकांना तारीख कळवते. कोणाला गोळी कधी मिळाली ते वहीत लिहा, म्हणजे पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं तर आई आठवत बसत नाही.

गोड खाल्ल्याने जंत होतात, झोपेत दात खाणं म्हणजे जंतच, गालावर पांढरे चट्टे म्हणजे जंतच, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. साखरेतून जंत येत नाहीत. दात खाणारी आणि चट्टे असलेली कितीतरी मुलं जंतांशिवाय असतात. गालावरचे चट्टे बहुधा कोरड्या कातडीचे असतात. आजी वावडिंगाचं पाणी देते, तिच्याशी मी वाद घालत नाही. पण ते पाणी दिलं म्हणून शनिवारचा डोस चुकवू देत नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

शीत रक्त, पोट टम्म फुगून सतत उलट्या, उलटीतून जंत पडणं, सहा-आठ तास सू न होणं, मूल मलूल होऊन डोळे न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर टेप आणि शनिवार विसरा, मुलाला उचलून लगेच दवाखान्यात न्या. रात्र असेल तर मेडिकल किंवा मेयो, या आमच्या नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल ते. पाळणाघरात असताना दिसलं तर आई येईपर्यंत वाट बघू नका, निघा आणि रस्त्यातून फोन करा.

वही मात्र ठेवा. प्रत्येक मुलाचं एक पान: पहिला डोस कधी, दुसरा कधी, घरच्यांनी घेतला का, तपासणी कोणती झाली. दुसऱ्या डोसानंतर साधारण महिनाभराने मी प्रत्येक आईला पुन्हा एकदा विचारते, रात्री खाजवतं का? "हो" आलं तर तिसरी बाटली आणायला सांगत नाही. आधी पुन्हा तीन सकाळी टेप, मग डॉक्टर. आणि वहीत बघते, मागच्या खेपेला कोणाच्या घरून "झालं" आलंच नव्हतं.